आचारसंहितेत मंत्री सरकारी गाडीने प्रचाराला आले, तर तक्रार कशी करायची?
मंत्र्याला सरकारी गाडी घर ते कार्यालय एवढ्यापुरतीच. सभेच्या मांडवाशी दिसली की भंग झाला. लोकसभा-विधानसभेला निवडणूक आयोगाच्या ‘सी-व्हिजिल’ या तक्रारीच्या ॲपमधूनच फोटो किंवा दोन मिनिटांपर्यंतचा व्हिडिओ काढा, नंबरप्लेट आणि पक्षाचा झेंडा एकत्र दिसू द्या. गॅलरीतला जुना फोटो चालत नाही, इथेच घोडं पेंड खातं. नाव न देताही तक्रार होते, पण मग पुढे काय झालं ते कळत नाही.

एरवी नोटिशीवर भागतं म्हणा. सरकारी कर्मचारी प्रचाराला जुंपले असतील तर मात्र लोकप्रतिनिधित्व कायद्याचं कलम १२३(७) लागतं, म्हणजे तो ‘भ्रष्ट आचार’ ठरतो. १९७५ साली इंदिरा गांधींची रायबरेलीची निवड त्यावरच रद्द झाली होती. अशी निवड रद्द करून घ्यायला त्या मतदारसंघातल्या मतदाराने किंवा उमेदवाराने निकालापासून ४५ दिवसांत उच्च न्यायालयात याचिका करायची.