वाचकांचे प्रश्न : सर्वोत्तम खेळाडू दुसऱ्या श्रेणीत कसा?

प्रश्न : माझा मुलगा नोकरीनिमित्त आयर्लंडमधील किलार्नी येथे राहतो. तेथे डेव्हिड क्लिफर्ड यांना गेलिक फुटबॉलचे, म्हणजे हात आणि पाय दोन्हींनी खेळल्या जाणाऱ्या आयरिश फुटबॉलचे, आजचे सर्वोत्तम खेळाडू मानतात. परंतु हेच क्लिफर्ड 2023 मध्ये केरी काउंटीच्या (काउंटी म्हणजे आपल्याकडील जिल्ह्यासारखा भाग) दुसऱ्या श्रेणीच्या, म्हणजे ‘इंटरमीडिएट’ क्लब स्पर्धेत खेळत होते, असे त्याने कळवले आहे. एवढ्या मोठ्या खेळाडूला वरच्या क्लबाने घेतले कसे नाही? – एक वाचक, नाशिक

उत्तर : आपल्या चिरंजीवांची माहिती बरोबर आहे. 2022 आणि 2023 या दोन्ही वर्षी क्लिफर्ड यांना वर्षातील सर्वोत्तम फुटबॉलपटूचा किताब मिळाला, आणि 2023 मध्येच ते आपल्या फॉसा या क्लबाकडून केरीच्या इंटरमीडिएट स्पर्धेचा अंतिम सामना खेळले. तो सामना मिल्टाउन–कासलमेन या क्लबाने जिंकला.

‘वरच्या क्लबाने घेतले कसे नाही’ या प्रश्नामागे जी कल्पना आहे, ती व्यावसायिक फुटबॉलची आहे आणि ती येथे लागू पडत नाही. 1884 मध्ये थर्ल्स येथे स्थापन झालेली गेलिक ॲथलेटिक असोसिएशन हा खेळ आजही हौशी तत्त्वावर चालवते. खेळाडूला पगार नाही, क्लबांमध्ये खरेदी-विक्री नाही, आणि क्लब हा सहसा एखाद्या चर्चच्या हद्दीतील वस्तीशी बांधलेला असतो. ज्या गावात मूल वाढते त्या गावच्या क्लबात ते लहानपणी दाखल होते आणि बहुधा निवृत्तीपर्यंत तेथेच राहते. राहण्याचे ठिकाण बदलल्यास क्लब बदलण्याची परवानगी मागता येते. मात्र केवळ वरच्या श्रेणीत खेळायला मिळावे म्हणून शेजारच्या गावाकडून उतरणे हे नियमांनाही मान्य नाही आणि गावाला तर मुळीच नाही. फॉसा हे किलार्नीच्या पश्चिमेस, लॉक लेन सरोवराजवळ वसलेले छोटे ठिकाण आहे. डॉक्टर क्रोक्ससारखा बलाढ्य क्लब किलार्नी शहरात, म्हणजे हाकेच्या अंतरावर असूनही डेव्हिड आणि त्यांचे थोरले बंधू पॉडी फॉसाचेच राहिले, याचे तेथे कोणाला नवल वाटत नाही.

याचा अर्थ असा की, ‘दुसरी श्रेणी’ हा दर्जा क्लबाचा आहे. तो प्रत्येक खेळाडूचा नव्हे. लहान गावात एकाच पिढीत दोन असामान्य भाऊ जन्मास येऊ शकतात, पण उरलेले तेरा खेळाडू त्याच चार रस्त्यांवरून गोळा करावे लागतात. 2022 मध्ये फॉसा याहूनही खाली, ज्युनियर गटात होते. त्या वर्षी काउंटीचे ज्युनियर प्रीमियर विजेतेपद मिळवून ते इंटरमीडिएटमध्ये चढले आणि जानेवारी 2023 मध्ये टायरोन काउंटीच्या स्टुअर्ट्सटाउनला डब्लिनच्या क्रोक पार्क मैदानावर हरवून ज्युनियर गटाचे अखिल आयर्लंड विजेतेही झाले. ज्या खेळाडूने जुलै 2022 मध्ये त्याच मैदानावर केरी काउंटीच्या संघाला सीनियर, म्हणजे सर्वोच्च गटाचे अखिल आयर्लंड अजिंक्यपद मिळवून दिले होते, तोच सहा महिन्यांनी तेथे आपल्या गावासाठी तिसऱ्या श्रेणीचा चषक मिळवत होता. या खेळाचे मोठेपण मला यात दिसते.

तथापि, अशा खेळाडूंना काउंटीच्या सर्वोच्च स्पर्धेपासून वंचित ठेवू नये म्हणून केरीने एक वेगळी सोय पूर्वीपासून जपली आहे. काउंटीच्या सीनियर अजिंक्यपदात सीनियर क्लबांच्या बरोबरीने विभागीय संघही उतरतात : ईस्ट केरी, मिड केरी, साउथ केरी, वेस्ट केरी, फील रेंजर्स वगैरे. सीनियर दर्जा नसलेल्या क्लबांतील निवडक खेळाडू आपापल्या विभागाच्या संघात एकत्र येतात. त्यामुळे क्लिफर्ड एकाच हंगामात फॉसाकडून इंटरमीडिएट स्पर्धा आणि ईस्ट केरीकडून सीनियर स्पर्धा खेळू शकतात. ईस्ट केरीने 2019, 2020, 2022 आणि 2023 मध्ये सीनियर अजिंक्यपद पटकावले. म्हणजे 2023 च्या शरद ऋतूत क्लिफर्ड यांनी काउंटीचा सर्वांत मोठा चषक उचलला, पण त्याखालचा चषक हातून निसटला.

विभागीय संघ हा क्लब नसल्यामुळे त्याला काउंटीबाहेरच्या क्लब स्पर्धेत जाता येत नाही, हेही येथे नमूद करायला हवे. 2022 मध्ये ईस्ट केरी विजेते ठरले तेव्हा मन्स्टर प्रांताच्या स्पर्धेत केरीचे प्रतिनिधित्व विभागीय संघ नसलेली सीनियर क्लब स्पर्धा जिंकणाऱ्या केरिन्स ओराहिलीज या ट्रलीच्या क्लबाने केले. फॉसाच्या लोकांना मन्स्टरमध्ये आपला झेंडा पाहायचा असेल, तर त्यांना इंटरमीडिएट स्पर्धा स्वतःच्या बळावर जिंकण्यावाचून गत्यंतर नाही. त्यामुळे विभागाच्या विजयाचा आनंद होत असला तरी गावाची तहान त्याने भागत नाही.

प्रश्न : इंटरमीडिएट स्पर्धा जिंकल्याने क्लबाला नेमके काय मिळते? बक्षिसाची रक्कम मोठी असते का? – एक वाचक, पुणे

उत्तर : रकमेसाठी ही स्पर्धा कोणी खेळत नाही. विजेत्या क्लबाला दोन गोष्टी मिळतात. पहिली म्हणजे पुढील वर्षी सीनियर दर्जा. केरीत अलीकडे सीनियर क्लबांची संख्या अवघी आठ ठेवली आहे, आणि एक क्लब वर चढला की एकाला खाली यावे लागते. दुसरी म्हणजे प्रांताच्या आणि तेथून अखिल आयर्लंड इंटरमीडिएट क्लब स्पर्धेचा मार्ग, जिचा अंतिम सामना हिवाळ्यात क्रोक पार्कवर होतो. ऐंशी हजारांहून अधिक प्रेक्षक सामावणाऱ्या त्या मैदानावर गावातली पोरे उतरतात, तेव्हा बहुतेक आसने रिकामीच असतात. पण त्या दिवशी गावही रिकामे असते.

केरीच्या क्लबांनी हा मार्ग वारंवार यशस्वीपणे पार केला आहे. कॅहरसिव्हीनचा सेंट मेरीज 2016 मध्ये, किलकमिन 2019 मध्ये आणि रॅथमोर 2023 मध्ये अखिल आयर्लंड विजेते झाले. इतर काउंट्यांतून याबद्दल कुरकुर ऐकू येते आणि ती सर्वस्वी निराधार नाही. सीनियर क्लब आठच असल्यामुळे जे क्लब अन्यत्र सहज सीनियर गणले गेले असते, ते केरीत इंटरमीडिएटमध्ये अडकून राहतात. काउंटी लीग ही क्लब अजिंक्यपदाहून वेगळी स्पर्धा असून तिच्या श्रेण्या स्वतंत्र असतात. त्यामुळे लीगच्या पहिल्या श्रेणीत खेळणारा क्लब अजिंक्यपदात मात्र दुसऱ्या श्रेणीत असलेला दिसतो. माझ्या मते याचा खरा भार बाहेरच्यांपेक्षा केरीतील लहान क्लबांवरच पडतो, कारण त्यांना वर जाण्यासाठी एवढ्या तगड्या प्रतिस्पर्ध्यांमधून वाट काढावी लागते.

प्रश्न : मुलाने पाठवलेल्या निकालात ‘1-11’ असा आकडा होता. तो कसा वाचावा? – नाशिकचेच वाचक

उत्तर : पहिला आकडा गोलांचा आणि दुसरा गुणांचा. आडव्या दांड्याखालून जाळ्यात गेलेला चेंडू म्हणजे गोल, त्याचे तीन गुण. दांड्यावरून दोन्ही खांबांमधून गेला तर एक गुण. म्हणून 1-11 म्हणजे एकूण चौदा. 2025 पासून गोलपासून चाळीस मीटरवर आखलेल्या कमानीबाहेरून दांड्यावरून मारलेल्या फटक्याला दोन गुण मिळू लागले आहेत. संघात पंधरा खेळाडू असतात आणि क्लबांचा सामना साधारणतः एक तासाचा असतो. आपण किलार्नीस जाणार असाल तर ऑगस्टनंतर जावे. काउंटी संघांचा हंगाम जुलैअखेर संपतो आणि त्यानंतरच हे नामांकित खेळाडू आपापल्या गावच्या मैदानावर परततात.