ठकसेनांच्या जादूकथा वाचायला घेताना

मालवणात बसून जादू, गुन्हेगारी घराणी आणि ठकसेन यांच्या कादंबऱ्या वाचायला घेणार असशील, तर आधी होली ब्लॅक यांची ‘कर्स वर्कर्स’ ही त्रयी हाती घे आणि ती प्रकाशनाच्या क्रमानेच वाच: ‘व्हाइट कॅट’ (२०१०), ‘रेड ग्लव्ह’ (२०११), ‘ब्लॅक हार्ट’ (२०१२). क्रम मोडलास तर पहिल्या भागाचा सगळा डोलारा ज्या फसवणुकीवर उभा आहे, तीच आधी उघडी पडेल.

इथली जादू उघड्या हाताच्या स्पर्शाने चालते, म्हणून त्या जगात सगळेच हातमोजे घालतात. शिवाय ती करणाऱ्यावर उलटते, त्यामुळे दुसऱ्याच्या आठवणी बदलणारा स्वतःच्या आठवणी गमावतो आणि स्पर्शाने जीव घेणाऱ्याचे बोट सडून जाते. राखणदाराला बोललेला नवस फेडावाच लागतो, हे लहानपणापासून पाहिलेल्या कोकणातल्या वाचकाला हा हिशेब चटकन उमगतो. बंदी घातलेली जादू गुन्हेगारी घराण्यांच्या हाती कशी जाते, याची मांडणी मला या त्रयीचे खरे बळ वाटते.

निवेदक कॅसल शार्प ठकांच्याच घरात वाढला आहे, तेव्हा त्याच्या शब्दावर, विशेषतः स्वतःविषयी तो जे सांगतो त्यावर, लगेच विश्वास ठेवू नकोस.