जमिनीखालच्या किल्ल्यात सैनिक दिवस कसे काढायचे?

मी फ्रान्सच्या माजिनो लाइनबद्दलच सांगतो, म्हणजे दुसऱ्या महायुद्धाआधी जर्मन सीमेवर बांधलेल्या जमिनीखालच्या किल्ल्यांच्या रांगेबद्दल, कारण तिच्याबद्दल बऱ्यापैकी वाचलंय आणि पूर्व फ्रान्सच्या अल्सासमधला तिचा शोनेनबुर्ग किल्ला आत उतरून बघितलाय.

तोफा-बिफा नंतर, आधी कंटाळा. सप्टेंबर १९३९ ला युद्ध जाहीर झालं आणि पुढच्या मेपर्यंत तिथल्या बहुतेकांचं काम एकच, वाट बघणं. माणसं पाळ्यांमध्ये विभागलेली, एक पाळी ड्युटीवर, एक तयारीत बसलेली आणि एक झोपलेली. बंक एकावर एक रचलेले, ते पण सगळ्यांना पुरतील एवढे नाहीत, त्यामुळे एकजण उठला की दुसरा त्याच गरम अंथरुणात आडवा. ऊन दिसायचा प्रश्नच नाही, रात्र झाली का हे घड्याळाने सांगायचं. हॅकनबर्गसारख्या मोठ्या किल्ल्यात तर सुमारे १० किमीचे बोगदे, हजारभर माणसं आणि दारूगोळा न्यायला विजेवरची छोटी रेल्वे. किचनही विजेवरचं आणि जेवणात वाइन मिळायची, म्हणजे खायचे हाल नव्हते.

हाल होते ते ओलीचे. शोनेनबुर्गमध्ये बारा महिने साधारण १३ डिग्री असतं, ऐकायला बरं वाटतं पण थोड्या वेळात अंगात गारठा शिरतो, आणि ही पोरं तिथे महिनोन्महिने राहायची, कपडे धड वाळायचे नाहीत, त्यात संडासाचा वास आणि डिझेल जनरेटर चालू केले की त्यांची घरघर.

पण खरा जीव हवेवर. बाहेर विषारी गॅस सोडला तर तो फटींतून आत येऊ नये म्हणून हवा फिल्टरमधून ओढून आतला दाब बाहेरपेक्षा थोडा जास्त ठेवायचे. माझ्या मते तोफखान्याइतकंच, कदाचित जास्तच, महत्त्वाचं काम हे पंखे-फिल्टर सांभाळणाऱ्यांचं. ला फेर्ते नावाच्या छोट्या किल्ल्यात मे १९४० मध्ये जर्मनांच्या हल्ल्यात वरचे ब्लॉक पेटले, धूर खाली बोगद्यात भरला आणि आतले १०७ च्या १०७ जण गेले, बहुतेक गुदमरूनच.

शोनेनबुर्गवर प्रचंड बॉम्ब आणि तोफगोळे पडले, तरी तो शेवटपर्यंत लढत होता. फ्रान्सने युद्धविराम केल्यावर वरून आदेश आला म्हणून १ जुलै १९४० ला आतल्यांनी तो जर्मनांच्या ताब्यात दिला आणि सगळे युद्धकैदी झाले.