समाजमंदिरातली दहावी

मालवण

प्रिय बाळ,

अनेक आशीर्वाद. तुमच्या वाडीतल्या बायका आणि दोघे-तिघे दादा दहावीला बसायचं म्हणतायत आणि शिकवायचं तू मनावर घेतलंयस, हे वाचून बरं वाटलं. निकालात आपला कोकण विभाग राज्यात पहिला आला की पेपरात मोठा मथळा येतो. पण त्याच कोकणात सातवी-आठवीतून दप्तर ठेवून होडीवर किंवा काजूच्या कारखान्यात गेलेली माणसं घरटी एक तरी सापडतात.

तू पाठवलेलं वेळापत्रक मात्र बाजूला ठेव. धडा पहिला, धडा दुसरा असं जूनपासून ओळीने जाणं शाळेतल्या पोरांना ठीक आहे. तुझ्या वर्गात १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद म्हणून दर्यावरचे मोकळे असतील, आणि नेमक्या त्याच दिवसांत शेतीवाल्या लावणीच्या चिखलात. या दोन महिन्यांत शिकवण्यापेक्षा कागद गोळा कर. कागदांतच माणसं गळतात, गणितात नंतर.

पहिल्यांदा प्रत्येकाला विचार, पूर्वी दहावीला बसून नापास झालात का? झाला असेल तर त्याचा रस्ता जुन्या शाळेतून, पुनर्परीक्षार्थी म्हणून. जे बसलेच नाहीत त्यांना १७ नंबरचा फॉर्म, म्हणजे शाळेत न जाता बाहेरून परीक्षेला बसण्याचा अर्ज. त्यासाठी निदान पाचवी पास असावं लागतं. फॉर्म ऑनलाइन भरायचा, संपर्क केंद्र म्हणून जवळची शाळा घ्यायची, आणि शाळा सोडल्याचा मूळ दाखला तिथे द्यायचा. गोची इथेच होते. दाखल्यावर माहेरचं नाव, आधारवर सासरचं, आईच्या नावाचं स्पेलिंग दोन्हीकडे वेगळं. कुणाचा दाखला पुरात गेलेला, कुणाचा वाळवीने खाल्लेला. प्राथमिक शाळेतल्या जनरल रजिस्टरला नोंद असते, तिथून दुय्यम प्रत निघते, प्रतिज्ञापत्र लागतं. याला दिवस जातात. म्हणून प्रत्येकाच्या नावाची एक प्लॅस्टिकची फाईल कर आणि ती त्यांच्याच घरी ठेवायला दे, तुझ्याकडे नको.

दुसरा रस्ता राष्ट्रीय मुक्त विद्यालयाचा. १९८९ साली सुरू झालेली ही संस्था. मराठी माध्यम आहे, पाच विषय, ३३ टक्क्यांना पास, आणि पाच वर्षांत नऊ संधी. सुटलेला विषय जमा राहतो. विषय निवडता येतात, गणित टाळता येतं. हे ऐकल्यावर सगळ्या बायका एका सुरात ‘हेच, हेच’ म्हणतील. तू थांबव त्यांना. कुणाला दहावी कशासाठी हवी आहे ते आधी काढून घे. ग्रामीण डाक सेवकाच्या भरतीत दहावीला गणित आणि इंग्रजी असावं लागतं, आणि निवड दहावीच्या गुणांवरच होते. जहाजावर जीपी रेटिंगला, म्हणजे खलाशाच्या प्रशिक्षणाला, जाणाऱ्या पोराला गणित, विज्ञान हवं आणि इंग्रजीत ४० टक्के. कुवेत, कतारला कामाला जाणाऱ्याला नुसता दहावी पासचा कागद पुरतो. पासपोर्टवर ईसीआरचा, म्हणजे कामाला जाण्याआधी सरकारची परवानगी हवी असा, शिक्का बसत नाही आणि परवानगीसाठी एजंटाच्या पाया पडावं लागत नाही. आणि एखादी म्हणेल, मला काही नको, नातवंडाच्या वहीवर सही करताना लाज वाटते तेवढी जाऊ दे. तिला गणित टाळू दे की खुशाल.

नोकरीचं आमिष मात्र दाखवू नकोस. पोस्टाची वयोमर्यादा साधारण चाळीस, जहाजाची त्याहून फार कमी. हे पहिल्याच दिवशी सांगितलंस तर चार माणसं कमी येतील, पण आलेली टिकतील.

आता वर्गाबद्दल. पहिल्या आठवड्यात पुस्तक उघडण्याआधी डोळे तपासून घे सगळ्यांचे. गंमत करत नाही मी. ‘वाचायला बसलं की डोकं चढतं’ असं ज्या बायका म्हणतात, त्यातल्या निम्म्या जणींना चाळिशीचा चष्मा लागलेला असतो आणि त्यांना वाटतं की आपलं डोकंच चालत नाही. ग्रामीण रुग्णालयात तपासणी होते. समाजमंदिरातली ट्यूबलाइटही बदलून घे.

त्यानंतर हात. कुणालाही विचारलंस की अवघड काय, तर सांगतील गणित आणि इंग्रजी. मला तसं वाटत नाही. खरं अवघड आहे ते तीन तास बसून लिहिणं. भाषेचा पेपर ८० गुणांचा, तीन तासांचा. ज्या बाईने गेली वीस वर्षं बचत गटाच्या रजिस्टरवर सहीपलीकडे काही लिहिलेलं नाही, तिची बोटं अर्ध्या तासात आखडतात. उत्तर येत असून पेपर कोरा राहतो. तेव्हा रोज दहा ओळी, काहीही. बाजाराची यादी, गटाच्या सभेचा वृत्तांत, मुंबईच्या जावेला पत्र. दिवाळीनंतर वीस मिनिटं न थांबता, डिसेंबरात एक तास, जानेवारीत पूर्ण पेपर घड्याळ लावून. शुद्धलेखनाचं नंतर बघू. आधी हात चालता होऊ दे.

गणिताचं तुला वाटतंय तितकं कठीण नाही, पण वर्गात ‘हे सोपं आहे’ असं चुकूनही म्हणू नकोस. सोपं म्हणालीस आणि तिला आलं नाही, तर ती दुसऱ्या दिवसापासून यायची नाही. टोपली २४०० ला घेतली, ३००० आले, शेकडा किती सुटले? लिलावात उभी राहणारी काकी तू वाक्य संपवायच्या आत पंचवीस म्हणेल. पण कागदावर नुसतं २५ लिहील, आणि बोर्ड पायऱ्यांना गुण देतं. नफा म्हणजे विक्री वजा खरेदी, मग भागिले खरेदी, गुणिले शंभर. तिच्या डोक्यात होतं ते ओळीने मांडायला लावायचं, बस. अर्थनियोजनाच्या धड्यात जीएसटी आहे, तो दुकानवाल्या वहिनीला शिकवू दे. अंकगणिती श्रेढी भिशीवरून काढ.

त्रिकोणमितीचा एक प्रसंग सांगते. नव्वद मीटर उंच दीपगृहावरून जहाजाचा अवनत कोन ६० अंश दिसतो, तर जहाज किती दूर, असलं ठरलेलं उदाहरण मी फळ्यावर घातलं. आकृती काढली, टॅन ६० म्हणजे वर्गमूळ तीन, उत्तर सुमारे ५२ मीटर. मागे एक तांडेल, म्हणजे होडीचे म्होरके, बसायचे, ते उठून म्हणाले, “बावन मीटरार? बाई, ता जहाज कधीच खडपार चढला!” आणि एवढं उंच दीपगृह बांधलंय कुणी, हाही सवाल. वर्ग लोटपोट हसला. मी त्यांनाच फळ्यापाशी बोलावलं आणि म्हटलं, मग जहाज सुरक्षित ठेवायला कोन किती हवा ते सांगा. कोन लहान झाला की अंतर वाढतं, हे त्यांनी हात पुढे करून, डोळा बारीक करून दाखवलं. ३० अंशांना १५६ मीटर आले, तरी त्यांचं समाधान नाही. पण त्या दिवसानंतर उन्नत कोन आणि अवनत कोन यांत वर्गात कुणाचा गोंधळ झाला नाही. पुस्तकातलं उदाहरण खोटं पडलं तर पडू दे. मोठ्या माणसांना पुस्तकाशी भांडता आलं की ते पुस्तक त्यांचं होतं.

भूगोलात भारत आणि ब्राझील शेजारी शेजारी मांडलेत. पावसाचा भाग तुला शिकवावाच लागणार नाही, नकाशा भरण्याचा सराव मात्र लागेल. इतिहासाला आणि विज्ञानाला जुन्या प्रश्नपत्रिका. विज्ञानाच्या प्रात्यक्षिकांचं आणि अंतर्गत गुणांचं संपर्क शाळेत ऑक्टोबरातच विचारून ठेव. ते वीस-वीस गुण कुणी आपणहून सांगत नाही. मुक्त विद्यालयवाल्यांचे स्वाध्यायही असतातच, तेही वेळेत जायला हवेत.

इंग्रजी बोलायला शिकवण्याच्या भानगडीत पडू नकोस. मला माहीत आहे, तुला हौस आहे. पण कृतिपत्रिकेत, म्हणजे बोर्डाच्या प्रश्नपत्रिकेत, उतारा दिलेला असतो आणि बरीचशी उत्तरं त्यातच असतात. प्रश्नातला शब्द उताऱ्यात शोधायचा, ते वाक्य उचलायचं. पुढे एक पत्र आणि एक साधा वृत्तांत घोटून घे. ३५ गाठायला एवढ्याची चांगली मदत होते. बोलणं पुढच्या वर्षी.

लाजेबद्दल थोडं. ‘आता ह्या वयात माका काय येतला गो’ हे तुला रोज ऐकायला मिळेल. आपल्याच कोकणातले धोंडो केशव कर्वे मुरुडहून पायी साताऱ्याला परीक्षेला गेले, तर पोरगा वयाने लहान दिसतो म्हणून बसूच दिलं नाही. ही गोष्ट मी दरवर्षी सांगते, लोक हसतात. तरी लाज काही गोष्टींनी जात नाही. गुण मोठ्याने वाचू नकोस. सासू आणि सून एकाच वर्गात असतील तर त्यांच्या वह्या वेगवेगळ्या दिवशी तपास. सगळ्यांना काकी, मावशी, दादाच म्हण, आणि हायस्कुलाच्या बाकांवर वर्ग भरवू नकोस. तिथून त्यांच्या मुलांचे मास्तर जातात-येतात.

वर्ग मोडतो तो गणपतीत. चाकरमानी आले, घर भरलं, की पंधरा दिवस वही सापडत नाही आणि नंतर यायला ओशाळतात. गणपतीआधीच पुढच्या वर्गाची तारीख सांगून टाक, आणि दर्शनाला जाशील तेव्हा अभ्यासाचं अवाक्षर काढू नकोस. नुसती दिसलीस तरी पुरे. खरी पंचाईत शिमग्याची. परीक्षा फेब्रुवारी-मार्चात, आणि पालखी दारात यायची आणि दुसऱ्या दिवशी भूमितीचा पेपर असायचा, असं होतंच. जानेवारीत त्यांच्या घरी जाऊन सासऱ्यांशी, नवऱ्याशी तूच बोल. घरच्या बाईने पालखीची ओटी भरावी आणि बाकीचं जावेने बघावं, एवढं ठरवून घे. मी गेले होते तेव्हा लोकांनी ऐकलं. बाहेरच्या माणसाने सांगितलं की ऐकतात.

नापास होण्याबद्दलही आधीच बोल. पास झालेले विषय पुन्हा द्यावे लागत नाहीत, उरलेल्यांसाठी पावसाळ्यात पुरवणी परीक्षा असते. निकालाच्या दिवशी हे सांगितलंस तर ती समजूत वाटते. डिसेंबरात सांगितलेलं माहिती म्हणून लक्षात राहतं.

केंद्र तालुक्याला आलं तर एसटीच्या भरवशावर राहू नका, सगळ्यांनी मिळून एक टमटम ठरवा आणि आदल्या दिवशी जाऊन बैठक व्यवस्था बघून या. जुन्या प्रश्नपत्रिकांचा गठ्ठा माझ्याकडे आहे, बाजाराला येशील तेव्हा घेऊन जा. भूमितीची एकच प्रत उरलीय, तेवढी झेरॉक्स काढून परत दे. पुढच्या महिन्यात कुणकेश्वरच्या दोघी जणी विचारायला येणार आहेत.

तुझी,
बाई