थोडे दिवस जेलमध्ये काढणं कसं असतं? पिक्चरमध्ये दाखवतात तसं असतं का?

तसं नसतं. निदान माझ्यापुरतं नव्हतं. मी सोलापूरचा, पॉवरलूमवर काम करतो. जागेवरून भावकीत हाणामारी झाली, दोन्हीकडून केसेस पडल्या आणि ऐन मे महिन्यात मी आत गेलो. मार कुणी दिला नाही. जीव खाल्ला तो वाट बघण्यानं.

आधी लॉकअप आणि जेल यांतला फरक सांगतो. अटक झाली की २४ तासांच्या आत मॅजिस्ट्रेटपुढं उभं करावं लागतं. पीसीआर मिळाला तर परत पोलीस कोठडी, एमसीआर म्हणजे न्यायालयीन कोठडी मिळाली तर जेल. एमसीआर झाल्यावर आमचे वकील खूश, का तर आता जामिनाचा अर्ज टाकता येईल. मी बघतच राहिलो, जेलला निघालेल्या माणसानं कशाचे पेढे वाटायचे?

गेटवर झडती, नाव-पत्ता, अंगावरच्या खुणा, मोबाईल-पाकीट जमा. शिक्षा झालेली नसते म्हणून कपडे आपलेच. बराकीत गेल्या गेल्या पहिला प्रश्न, "कलम काय बे?" नाव नंतर विचारतात. कलम सांगितलं की किती दिवसांत सुटशील हे तिथलेच लोक सांगतात, आणि वकिलापेक्षा बरोबर सांगतात. मराठी, कन्नड, तेलुगू, दखनी सगळं कानावर पडतं. सोलापूरच्या पूर्व भागातल्या चहाच्या टपरीवर बसल्यासारखं वाटतं.

खरी परीक्षा संध्याकाळी. दिवस मावळायच्या आत गिनती होते आणि बराकीला कुलूप लागतं, ते थेट सकाळपर्यंत. बाहेर अजून ऊन, भिंती तापलेल्या, पंखा गरम वारा फेकतोय. लाइट रात्रभर चालू. संडास आतच कोपऱ्यात आणि नव्या माणसाचं अंथरूण त्याच्या शेजारी. जुना कोणी सुटला की आपण एक जागा पुढं सरकायचं. जेवणात चपाती, पातळ वरण, भाजी. पोट भरतं, शेंगा चटणीची आठवण काढायची नाही. घरून मनिऑर्डर आली तर कॅन्टीनमधून बिस्किटं, फरसाण.

माझ्या बाजूला एक जण होता. त्याचा जामीन कधीच मंजूर झालेला, पण जामीनदार मिळेना. बायको विड्या वळते, घर भाड्याचं. सातबारा नाही, घरपट्टीची पावती नाही, मग जामीन राहणार कोण? माझ्या मामाचा सातबारा होता म्हणून मी सुटलो, एवढाच आमच्यात फरक. २०२२ च्या सरकारी आकडेवारीत देशातल्या दर चार कैद्यांमागं तीन कच्चे कैदी आहेत, म्हणजे खटला अजून संपलेलाच नाही असे. त्यातले किती जण अशा कागदापायी बसलेत कुणास ठाऊक.

माझीही शेवटची रात्र फुकटच गेली. जामिनाचा कागद पोचेपर्यंत गिनती होऊन गेली होती.

बाहेर आल्यावरचं वेगळंच. सोलापुरात १९३० साली इंग्रजांनी लावलेल्या मार्शल लॉच्या (लष्करी अंमलाच्या) वेळी आत गेलेल्यांना आजही मान आहे, तेव्हाच्या चार हुतात्म्यांचे पुतळे आपण रोज बघतो. आमच्या जेलला कसला मान! लोक "कुठं होतास?" एवढंच विचारतात, आणि उत्तर त्यांना माहीत असतं. मालकानं कामावर परत घेतलं, हे नशीब. सरकारी नोकरीत असतो तर ४८ तासांपेक्षा जास्त कोठडी झाली म्हणून थेट निलंबन.

तुमच्यापैकी कुणाचं माणूस आत असेल तर जामीनदाराचे कागद पहिल्याच दिवशी जमवायला घ्या. वकिलाला पैसे नसतील तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडं अर्ज करा. कोठडीत असलेल्या माणसाला उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो. आणि भेटायला जाताना आधार कार्ड न्या, आमची आई पहिल्या खेपेला ते नव्हतं म्हणून न भेटताच परत गेली होती.