यहेज्केलचं मंदिर: ज्यू लोक ते खरंच बांधायचं आहे असं मानतात का?

तुम्ही विचारलंय की बायबलमधल्या संदेष्टा यहेज्केलच्या पुस्तकात ४० ते ४८ या अध्यायांत ज्या मंदिराची मापं दिली आहेत, ते अजून बांधायचं आहे असं ज्यू मानतात, की त्याला रूपक समजतात.

मी बेने इस्राएल, म्हणजे कोकणातला मराठी ज्यू; घराणं अलिबागकडचं, वाढलो ठाण्यात. धर्मपंडित वगैरे नाही, पण हे अध्याय अडखळत का होईना, भाष्यांसकट वाचलेत. परंपरा पाळणारे ज्यू ते खरंखुरं मंदिरच समजतात. वाद आहे तो ते कुणी बांधायचं आणि आत काय करायचं यावर.

आधी मजकूर बघा. जेरुसलेममधलं पहिलं, शलमोन राजाचं मंदिर बाबिलोनच्या नबुखद्नेस्सराने इ.स.पू. ५८६ मध्ये जाळलं. त्यानंतर चौदाव्या वर्षी, बंदिवासात असलेल्या यहेज्केलला दृष्टान्त होतो. हातात तागाची दोरी आणि मापायची काठी घेतलेला एक पुरुष त्याला दारं, देवड्या, भिंती मोजून दाखवतो. काठी सहा हातांची. बाहेरचं आवार हिब्रू पाठाप्रमाणे प्रत्येक बाजूला ५०० काठ्या, म्हणजे ३००० हात, साधारण दीड किलोमीटर. जेरुसलेमचं आजचं जुनं शहर तटबंदीसकट त्यात मावेल. मिश्ना या जुन्या ज्यू कायदेसंग्रहात मंदिराच्या टेकडीचं माप ५०० गुणिले ५०० हात दिलंय. हे क्षेत्रफळात त्याच्या ३६ पट झालं.

आता गंमत अशी की बाबिलोनहून परतलेल्यांनी इ.स.पू. ५१६ च्या सुमारास दुसरं मंदिर पूर्ण केलं, तेही या मापांनी नाही. का? राशी हा भाष्यकार (११वं शतक, फ्रान्स) म्हणतो, एज्राच्या काळातच हे मंदिर व्हायचं होतं, पण लोकांचा पश्चात्ताप पुरा पडला नाही. म्हणजे भविष्यवाणी अटीवर होती, आणि अट हुकली. रामबाम, म्हणजे मध्ययुगातला कायदेपंडित आणि तत्त्वज्ञ मैमोनिडीझ, जास्त कोरडेपणाने सांगतो: यहेज्केलचं वर्णन पुरेसं स्पष्ट नाही, म्हणून त्यांनी शलमोनाच्या मंदिरासारखं बांधलं आणि यहेज्केलमधल्या काही गोष्टी घेतल्या. मला हे पटतं. नकाशाच अपुरा असेल तर गवंडी काय करणार?

मापांपेक्षा मोठं दुखणं बळींचं. तोरात, म्हणजे मोशेच्या पाच पुस्तकांत, गणनाच्या २८व्या अध्यायात अमावास्येनंतरच्या नव्या चंद्राला दोन गोऱ्हे, एक एडका, सात कोकरं सांगितलीत. यहेज्केल ४६ मध्ये एकच गोऱ्हा, एक एडका आणि सहा कोकरं. संदेष्टा तोराच्या विरुद्ध बोलतोय म्हटल्यावर हे पुस्तकच बासनात जाणार होतं. तालमूद, म्हणजे रब्बींच्या चर्चांचा मोठा ग्रंथ, सांगतं की हनन्या बेन हिज्कीया नावाच्या माणसाने ते वाचवलं: दिव्याला तेलाचे ३०० बुधले वर नेले आणि माळ्यावर बसून एकेक विसंगती जुळवली. या गोऱ्ह्यांचं उत्तर तालमूदमध्ये अगदी व्यवहारी आहे: दोन नाही मिळाले तर एक आणा, सात कोकरं नाही मिळाली तर सहा आणा. आणि ४५व्या अध्यायातल्या एका बळीपाशी रब्बी योहानान चक्क हात टेकतो: हा भाग पुढे संदेष्टा एलियाहू (एलिया) येऊन समजावेल.

हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला हसू आलं. आमच्याकडे लग्न असो, नवस फेडायचा असो, एलियाहू हन्नबीच्या नावाने मलिदा होतो. गोड पोहे, खोबरं, फळं. म्हणजे ज्याला आम्ही घरच्या अडचणी सांगतो, त्याच्याच गळ्यात पंडितांनी हीही अडचण घातलेली.

बांधायचं कुणी, याचा वाद भाकरीच्या प्रश्नातून आलाय. इ.स. ७० मध्ये रोमनांनी दुसरं मंदिर पाडल्यावर योहानान बेन झक्काई या रब्बीने नियम केला की निसान महिन्याच्या १६ तारखेला पूर्ण दिवस नवं धान्य खायचं नाही. मंदिर असताना त्या दिवशी नव्या धान्याचं अर्पण झालं की ते खाता येई; मंदिर लवकरच बांधलं गेलं तर गोंधळ होईल. तालमूद विचारतं, बांधलं जाईल कधी? रात्री? सणाच्या दिवशी? तेव्हा तर बांधकामाला मनाई. राशी म्हणतो, ती मनाई माणसांच्या हातच्या कामाला. भावी मंदिर तयार होऊन स्वर्गातून उतरेल. रामबामचं म्हणणं उलट: ते मशीहा, म्हणजे ज्यू ज्याची वाट बघतात तो राजा, बांधेल, आणि बांधून दाखवणं हीच त्याच्या खरेपणाची खूण.

आत बळी द्यायचे का? तोच रामबाम त्याच्या तत्त्वज्ञानाच्या ग्रंथात लिहितो की बळी ही त्या काळच्या लोकांच्या सवयीला दिलेली सवलत होती; पण कायद्याच्या ग्रंथात बळी परत सुरू होतील असंही लिहितो. रिफॉर्म, म्हणजे सुधारणावादी ज्यूंनी १८८५ च्या पिट्सबर्ग जाहीरनाम्यात हा विषयच सोडून दिला. कॉन्झर्व्हेटिव्ह या मधल्या वाटेच्या पंथाने प्रार्थनेतलं 'अर्पण करू' हे 'अर्पण केलं' असं भूतकाळी केलं. एका क्रियापदात केवढं धर्मशास्त्र!

मंदिराची तयारी करणारी, बातम्यांत दिसणारी जेरुसलेमची टेम्पल इन्स्टिट्यूट ही संस्था १९८७ पासूनची. त्यांनी सोन्याची मेनोरा (सात फांद्यांची दिवटी), याजकांची वस्त्रं तयार ठेवलीत. पण इस्राएलच्या मुख्य रब्बीनेटचा, म्हणजे धर्मखात्याचा फलक मंदिराच्या टेकडीच्या वाटेवरच सांगतो की जागेच्या पावित्र्यामुळे ज्यूंनी वर जाऊ नये. या मंदिराशी काही जण जोडतात ते ख्रिस्तविरोधी (शेवटच्या काळी येणारा ख्रिस्ताचा शत्रू), सात वर्षांचं संकट वगैरे वेळापत्रक ख्रिस्ती वाचनातलं आहे; आमच्या भाष्यांत ते नाही.

मंदिर पडल्याच्या, आव महिन्याच्या ९ तारखेच्या उपासाला आमच्या जुन्या पिढीत 'बिरड्याचा रोजा' म्हणत. सोडायचा तो वालाच्या बिरड्यावर. आजीला यहेज्केलची मापं ठाऊक नव्हती, पण वाल कधी भिजत घालायचे ते बरोबर माहीत.

वाचायचंच असेल तर ४७व्या अध्यायापासून वाचा. उंबऱ्याखालून पाणी निघतं. घोट्याइतकं, गुडघ्याइतकं, कमरेइतकं, मग पोहण्याइतकं. ते मृत समुद्राला गोडं करतं आणि एन-गेदीपाशी कोळी जाळी वाळत घालतात. पण दलदली आणि डबकी मुद्दाम खारट ठेवायची, मिठासाठी. हे वाचताना मला दर वेळी पेण-उरणची मिठागरं दिसतात.