खाडीत ल्यूरला जिताडा लागतो का? पहिल्यांदा ल्यूर घ्यावा की फ्लाय?

लागतो. ल्यूर म्हणजे माशासारखं दिसणारं नकली आमिष, फ्लाय म्हणजे गळावर पिसं-केस बांधून केलेलं हलकं आमिष. प्लॅस्टिकला मासा फसत नाही असं सांगणाऱ्यांनी बहुधा ल्यूर उघाडीसमोर, म्हणजे बांधातल्या झडपेच्या मोरीसमोर, कधी टाकलेलाच नसतो.

आमचं गाव अलिबागच्या खारेपाटात, धरमतर खाडीला लागून. पावसाळ्यात शेतात साचलेलं पाणी ओहोटीला उघाडीतून खाडीत उतरतं. त्याबरोबर कोळंबी, बोयटांची पिल्लं बाहेर पडतात आणि जिताडा तोंडाशी दबा धरून असतो. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ मिळते, हे तुम्हाला माहीत असेलच. नारळी पौर्णिमेनंतरची तृतीया होती, म्हणजे सव्वादोनची भरती. चारच्या सुमारास झडप उघडली, गढूळ आणि निवळ पाण्याची रेघ उमटली. त्या रेघेवर चार इंची सॉफ्ट प्लॅस्टिक टाकून तळाशी टेकू दिलं, दोनदा उचललं, आणि तिसऱ्यांदा दोरी जागीच थांबली. मग मासा अख्खा पाण्याबाहेर आला आणि डोकं झाडून परत आत गेला.

पंधरा-वीस मिनिटांनी काठाला आणला तेव्हा तीन फुटांच्या वर भरला. कल्ल्याच्या झाकणाची धार बोटाला लागून रक्त आलं, तरी खालचा जबडा सोडला नाही. पोट टम्म फुगलेलं. जिताडा आधी नर असतो, काही वर्षांनी मादी होतो. एवढा मोठा म्हणजे बहुतेक मादीच, आणि पावसाळा हा तिचा अंडी घालायचा काळ. मी तिला पाण्यातच धरून ठेवलं, तोंड प्रवाहाकडे करून. कल्ले नीट हलायला लागले, शेपटीचा एक तडाखा माझ्या मनगटावर बसला आणि ती गेली.

बांधावर काका उभे होते. "येरा झायलास का रं?" एवढंच म्हणाले आणि घरी निघून गेले. त्या रात्री जेवायला बोलावलं नाही. आजही चार माणसांत हा विषय काढतात: हातातला जिताडा सोडणं हा शहरात राहून आलेला माज, बापजाद्यांनी असं कधी केलं नाही.

काकांच्या तळ्यातला जिताडा पंचक्रोशीत नावाजलेला. जावई आला की तोच कापतात. पण त्या तळ्यात पिल्लू येतं कुठून? भरतीला उघाडीतून, खाडीतल्या अशाच एखाद्या मादीचं. ती परातीत गेली तर तळं कशाने भरणार? हे मी त्यांना तोंडावर विचारलंय, उत्तर मिळालेलं नाही. मी मासा खात नाही असं नाही. दोन-अडीच किलोचा खुशाल घरी न्या, कालवण करा. पण पावसाळ्यातली मोठी मादी सोडायची, यावर माझी तडजोड नाही. तुम्हाला ती फोटोसाठी दहा मिनिटं बांधावर आपटत ठेवायची असेल, तर त्यापेक्षा गरी टाकून शेंगटी पकडा.

सामानाचं म्हणाल तर सात-आठ फुटी रॉड, 4000 ची रील, 30 पौंडी ब्रेड म्हणजे विणलेली दोरी, पुढे 40 पौंडी लीडर, म्हणजे ल्यूरआधी जोडायचा जाड दोरीचा तुकडा. लीडर टाळू नका, कल्ला दोरी कापतो. ल्यूरचे तिहेरी गळ काढून एकेरी लावा आणि टोकाजवळचा उलटा काटा पकडीने चेपून टाका, मासा सोडताना तोंड फाटत नाही. फ्लायने पहिल्याच हंगामात सुरुवात करू नका. पावसाळी वाऱ्यात 8 वेटच्या दणकट फ्लाय रॉडनेही फेकणं जड जातं. पुढे हात बसला की क्लाउझर नावाचा पांढरा-हिरवा फ्लाय बांधा, बोयटाच्या पिल्लासारखा चालतो.

एक राहिलं. उघाडीसमोरचा चिखल मांडीपर्यंत खेचतो, एकट्याने उतरू नका. झडपेच्या अगदी तोंडाशी तर नाहीच. आणि उघाडी ज्या गावाची त्यांना आधी विचारा.